लेखक हाच प्रकाशक : एक जमाखर्च

कादंबरीच्या तंत्राविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पात्ररचना, निवेदन, वातावरण ह्यांची चर्चा परिसंवादांतून होते, वर्गांतूनही होते. छपाई, कागद, विक्री ह्या गोष्टी मात्र व्यवहाराच्या म्हणून बाजूला ठेवल्या जातात. जणू त्यांचा वाङ्मयाशी काही संबंधच नाही. बृहन्महाराष्ट्रातील कथालेखकाला ही विभागणी परवडत नाही. बेळगाव, इंदूर, पणजी किंवा हैदराबाद येथे राहून लिहिणाऱ्याच्या वाट्याला पुण्या-मुंबईचा प्रकाशक आला तर उत्तम, न आला तर आपले पुस्तक आपणच छापण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो. अशा वेळी केवळ धीर देऊन भागत नाही. हा मार्ग कोणी कसा चालला, कोठे ठेचाळला आणि त्या चालण्याचा त्याच्या लेखनावर काय परिणाम झाला, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

इंग्रजी वाङ्मयातील एक उदाहरण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कथा सर्वांना ठाऊक असते. तिचा जमाखर्च फारसा कोणाला ठाऊक नसतो. १८४३ साली डिकन्स एकतीस वर्षांचा होता, कीर्ती मोठी होती, परंतु ‘मार्टिन चझलविट’ ह्या मासिक भागांनी निघणाऱ्या कादंबरीचा खप अपेक्षेपेक्षा बराच कमी होता. प्रकाशक चॅपमन आणि हॉल ह्यांनी करारातील एका कलमावर बोट ठेवून त्याच्या मानधनातून दरमहा ५० पौंड कापण्याची भाषा काढली. डिकन्स दुखावला. नवी कथा त्याने त्याच प्रकाशकांकडून काढली खरी, पण वेगळ्या अटीवर : छपाईचा सगळा खर्च त्याचा, नफाही त्याचाच, प्रकाशकाला केवळ विक्रीवरील ठरावीक दलाली. आजच्या भाषेत हे स्वयंप्रकाशनच होय.

आणि खर्चाच्या बाबतीत नव्या स्वयंप्रकाशकाकडून जी चूक होते, तीच त्याच्याकडूनही झाली. पुस्तक देखणे व्हावे म्हणून त्याने कापडी बांधणी घेतली, पानांना सोनेरी कडा दिल्या, जॉन लीचची चार चित्रे हाताने रंगवून घेतली. आतल्या कोऱ्या पानांचा हिरवा रंग मनासारखा उतरेना, म्हणून ती बदलून पिवळी केली. किंमत मात्र, सामान्य वाचकाला घेता यावे म्हणून, पाच शिलिंग. १९ डिसेंबर १८४३ रोजी पुस्तक निघाले. सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. डिकन्सला हजार पौंडांची आशा होती. त्या सहा हजारांवर हाती आले सुमारे २३० पौंड. पुढच्याच महिन्यात एका दोन पेन्सच्या साप्ताहिकाने ही कथा थोडीफार फिरवून छापली. डिकन्स न्यायालयात गेला आणि जिंकला. प्रतिवादींनी दिवाळे जाहीर केले आणि दाव्याचा सुमारे ७०० पौंडांचा खर्च विजयी पक्षाच्याच अंगावर पडला. एवढा खप आणि एवढी कीर्ती असूनही प्रकाशक म्हणून तो त्या वर्षी फसला, असेच म्हणावे लागते.

मग ह्या व्यवहारातून मिळाले काय? मिळाला स्क्रूज. हे पात्र पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या स्मरणात का राहिले, ह्याचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा. पुष्कळांना वाटते की पात्र स्मरणात राहते ते त्याच्या स्वभावाच्या गुंतागुंतीमुळे. स्क्रूजचा स्वभाव मुळीच गुंतागुंतीचा नाही. तो कृपण आहे, एवढेच. परंतु डिकन्स त्याला ‘कृपण’ म्हणून थांबत नाही. त्याच्या आतली थंडी त्याच्या नाकावर, गालांवर, चालण्यात, आवाजात उतरलेली आपल्याला दिसते; कारकुनाच्या खोलीतील विस्तवापुरता मोजून दिलेला कोळसा दिसतो. दोष अंगावर आणि वस्तूंवर दिसू लागला की वाचकाला तो वेगळा पाठ करावा लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की ह्या माणसाला एक भूतकाळ आहे : सुटीत सगळी मुले घरी गेल्यावर शाळेत एकटाच राहिलेला मुलगा. ते एक चित्र नसते तर शेवटचे परिवर्तन नाटकी वाटले असते. ते थोडे नाटकी आहेच. पण आपण ते चालवून घेतो, कारण तो मुलगा आपण पाहिलेला असतो.

त्याच कथेतील लहानग्या पंगू टिमसंबंधी एक तपशील अभ्यासकांनी नोंदवला आहे. टिम मेला नाही, हे स्पष्ट सांगणारे शब्द मूळ हस्तलिखितात नाहीत. ते नंतर, छपाईच्या अवस्थेत, घातले गेले. म्हणजे वाचक कोणत्या प्रश्नापाशी अडेल, हे लेखकाच्या ध्यानात शेवटच्या घटकेस आले. मुद्रिते तपासणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ पाहणे एवढेच समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

डिकन्सने पुढे धडा घेतला तो असा की एकेक पुस्तक काढण्यापेक्षा स्वतःचे नियतकालिकच असावे. १८५९ साली भागीदारांशी फाटल्यावर त्याने ‘ऑल द इयर राउंड’ हे साप्ताहिक काढले. १८६० साली त्यात चार्ल्स लीव्हर ह्या दुसऱ्या लेखकाची कादंबरी चालू असता खप घसरू लागला, तेव्हा तो सावरण्यासाठी डिकन्सने आपली नवी कादंबरी साप्ताहिक भागांनी देण्यास त्याच वर्षाच्या डिसेंबरात आरंभ केला. ती ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. पिप ह्या अनाथ मुलाची ती आत्मकथा एका अर्थी विक्रीच्या गरजेतून वेळेआधी जन्माला आली, हे ऐकून शुद्ध कलावाद्यांना वाईट वाटेल, वाटू द्यावे.

येथे मराठी वाचकाला हरि नारायण आपटे ह्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ साली ‘पुणे वैभव’ पत्रातून आली होती. परंतु १८९० साली त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यानंतरच्या त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या कादंबऱ्या त्याच्याच पानांतून वाचकांपुढे आल्या. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही त्यांतली आरंभीची. ब्राह्मणी घरातील एका मुलीचे बालपण, लग्न, अल्पकाळचे सुख, वैधव्य आणि केशवपन ही कथा तिच्याच तोंडून, आठवड्यामागून आठवडे, कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पत्रातून द्यायची, हे धाडस संपादक आणि लेखक एकच असल्यामुळे अधिक सुकर झाले असावे, असे मला वाटते. बाहेरच्या संपादकाने निदान एखाद्या प्रकरणाला तरी कात्री लावली असती.

यमूचे पात्र ह्या साप्ताहिक गतीनेच घडलेले आहे. खंडशः वाचणाऱ्याला मागचे सारे आठवत नसते; म्हणून पात्राचा आवाज असा असावा लागतो की दोन ओळींत ओळख पटावी. यमूचा आवाज तसा आहे : घरगुती, किंचित पाल्हाळिक, मध्येच स्वतःला थांबवणारा. तिच्याभोवतीची माणसेही, दुर्गी असो की शंकरमामंजी, बोलण्याच्या ढबीवरून ओळखू येतात. शंकरमामंजींचा दुष्टपणा लेखकाने तत्त्वचर्चेने सिद्ध केलेला नाही. त्यांच्या धार्मिक बोलण्यातूनच तो बाहेर पडतो. पाल्हाळ हा दोष ह्याच पद्धतीचा आहे, हेही कबूल केले पाहिजे. अंक भरायचा असतो. आणि एकाच माणसाने संपादन, लेखन आणि व्यवस्था पाहायची म्हटल्यावर काय होते, ह्याचाही पुरावा हरिभाऊंच्याच लेखनात आहे : त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, ‘कर्मयोग’ ही त्यांतली एक. ‘करमणूक’ १९१७ साली बंद पडले आणि १९१९ साली हरिभाऊ वारले.

विसाव्या शतकात हा मार्ग चालणारे आणखी पुष्कळ आहेत. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९१३ साली त्याच्याच खर्चाने निघाला. व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचा पती ह्यांनी १९१७ साली घरात हातयंत्र मांडून हॉगार्थ मुद्रणालय सुरू केले. तिची ‘जेकब्स रूम’ १९२२ साली तेथून निघाली आणि तेव्हापासून तिला आपल्या प्रयोगांसाठी कोणाची अनुमती मागावी लागली नाही. आपल्याला जवळचे उदाहरण आर. के. नारायण ह्यांचे : महायुद्धामुळे इंग्लंडमधील प्रकाशकांशी संबंध दुरावला, तेव्हा त्यांनी म्हैसूरला राहूनच ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ उभे केले, आणि ‘मालगुडी डेज’ १९४३ साली तेथून आले. राजधानीपासून दूर राहणाऱ्या लेखकाने ह्या उदाहरणाकडे अधिक पाहावे.

आता आपल्या घरचा हिशेब. समजा, १६० पानांची कादंबरी आहे, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे. तीनशे प्रती काढल्या आणि सर्व मिळून प्रतीमागे ९० रुपये पडले, तर गुंतवणूक २७,००० रुपयांची. किंमत २०० रुपये ठेवली आणि विक्रेत्याने ४० टक्के सूट घेतली, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १२० रुपये येतात. अभिप्रायासाठी आणि स्नेह्यांना मिळून साठ प्रती गेल्या, तर उरल्या २४०. त्यांतल्या २२५ विकल्या गेल्या म्हणजे खर्च भरून निघतो; उरलेल्या पंधरांवर सारा नफा, तो अठराशे रुपये. टपालखर्च ह्यात धरलेलाच नाही. ह्यावरून दिसेल की भेटप्रतींचा औदार्यपूर्ण आकडा हाच पुष्कळदा लेखकाला बुडवतो. मागणीप्रमाणे थोड्या प्रती छापण्याची सोय आज झाली आहे. तीमुळे माळ्यावरचे गठ्ठे कमी होतात, परंतु प्रतीमागचा खर्च वाढतो.

पैशाहून मोठी उणीव संपादकाची. प्रकाशक टाळला की बहुधा संपादकही टळतो, आणि हे नुकसान हिशेबाच्या वहीत दिसत नाही. डिकन्स स्वतःच्या साप्ताहिकाचा मालक होता, तरी त्याची मुद्रिते जॉन फॉर्स्टर हा मित्र वाचत असे. आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट त्याने बुल्वर लिटन ह्या कादंबरीकार स्नेह्याच्या सांगण्यावरून बदलला. तो बदल योग्य होता की नव्हे, ह्यावर टीकाकारांत अजून मतभेद आहेत. मूळचा कठोर शेवट मला स्वतःला अधिक पटतो. पण विचारण्याजोगा कोणी होता, आणि मालक असूनही त्याने विचारले, ही गोष्ट महत्त्वाची. आपल्या अकादमींनी अनुदानाच्या जोडीला हस्तलिखित वाचून देणारी दोन-तीन माणसे लेखकाला मिळवून दिली, तर अनुदानाहून तो उपकार मोठा ठरेल. असा वाचक स्नेही असावा, पण भिडस्त नसावा. आणि त्याने पहिल्या वाचनात भाषेकडे न पाहता इतकेच सांगावे की पुस्तक मिटल्यावर कोणती माणसे डोळ्यांपुढे राहिली आणि कोणाची नावेही आठवत नाहीत.

एक कायद्याची गोष्ट राहिली. स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक कायद्याच्या दृष्टीने प्रकाशकच असतो. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि प्रत्येकी एक प्रत अन्य तीन नियुक्त ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावी लागते. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. वरील हिशेबातील साठ भेटप्रतींत ह्या चार प्रती प्रथम धराव्या आणि मग स्नेह्यांची यादी करावी.