हवाई छत्री, जलद उघडणारी
अल्प उंचीवरून उतरणाऱ्या सैनिकांसाठी वापरण्यात येणारी गोल छत्री. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनांत कुड्याची शेंग तडकली की, बीवरील केसांचा झुबका वाळून पसरतो व बी वाऱ्यावर तरंगत जाते. बी अत्यंत हलके असल्याने या पसरण्यास थोडा विलंब झाला तरी बाधत नाही. माणसाचे तसे नाही. हवेचा रोध वगळल्यास १५० मी. उंचीवरून पडणारी वस्तू सु. ५·५ सेकंदांत भूमीवर आदळते.

गोल छत्री फारशी वळविता येत नाही. उंचावरून उडी घेतल्यास सैनिक वाऱ्याने विखुरतात व शत्रूच्या माऱ्यात अधिक वेळ राहतात. म्हणून उंची कमी ठेवावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीतून घडलेल्या पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने ११ डिसेंबर १९७१ रोजी सध्याच्या बांगला देशातील टांगाइलजवळ उतरून पुंगली पूल काबीज केला, तो अशाच छत्र्यांच्या साहाय्याने.

छत्री उघडण्याचे काम सैनिकाच्या हाती नसते. विमानातील तारेस अडकविलेला पट्टा त्याच्या वजनाने ताणला जाऊन छत्री बाहेर खेचतो. छत्राच्या तोंडातून शिरलेली हवा शिखराकडे धावते, प्रथम शिखर फुगते आणि मग कडा पसरते. एखादे छत्र भरण्यास लागणारे अंतर बहुधा ठराविक, त्याच्या व्यासाच्या काही पट असते. वेग अधिक असल्यास ते लवकर उघडते. परंतु हिसकाही वाढतो, आणि अभिकल्पकाची खरी अडचण हीच होय. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन छत्रीत छत्र आधी व दोर नंतर सुटत. तीमुळे सु. १२० मी. उंचीवरून उडी घेता येई, पण हिसका फार तीव्र बसे. ब्रिटिशांच्या एक्स प्रकारात हा क्रम उलट ठेवल्याने तो पुष्कळ सौम्य झाला.

कापडाची वीण घट्ट असल्यास छत्र लवकर भरते, मात्र झोके वाढतात. शिखराचे छिद्र ते आवरते. काही छत्र्यांत मधल्या दोराने शिखर खाली ओढून धरतात. त्यामुळे भरावयाचे आकारमान घटते व कडा लवकर पसरते. कडेभोवतीची जाळी हा वेग वाढवीत नाही. कडा उलटून दोरांत अडकू नये, एवढेच तिचे कार्य. तथापि इतक्या कमी उंचीवर राखीव छत्री उघडण्यास क्वचितच अवसर मिळत असल्याने ते गौण मानता येत नाही.