फाइलींची पुनःप्राप्ती, संगणकीय

वैयक्तिक संगणकावर साठविलेली फाइल चुकून पुसली गेल्यास, साठवणाच्या साधनात बिघाड झाल्यास किंवा फाइलींची सूची विस्कटल्यास त्या फाइलीतील मजकूर पुन्हा वाचनीय रूपात मिळविण्याच्या प्रक्रियेस ‘फाइलींची पुनःप्राप्ती’ असे म्हणतात. एका नावाखाली एकत्र ठेवलेल्या माहितीच्या समूहास संगणकाच्या परिभाषेत फाइल ही संज्ञा आहे. पत्र, हिशेबाचा तक्ता, छायाचित्र, ध्वनिमुद्रण ही सर्व फाइलींचीच रूपे होत. पुनःप्राप्तीचे तंत्र मुख्यत्वे एका वस्तुस्थितीवर आधारलेले आहे : फाइल पुसण्याची आज्ञा दिली असता बहुधा तीमधील मजकूर तत्काळ नष्ट होत नाही, तर तो कोठे आहे हे सांगणारी नोंद रद्द होते. मजकूर आणि नोंद यांतील हा भेद ध्यानात घेतल्यास कोणती फाइल परत मिळेल, कोणती मिळणार नाही व दरम्यान काय टाळावे, हे तिन्ही प्रश्न उलगडतात.

साठवणाची रचना : हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. त्या मिनिटास सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावरून सरकणारे शीर्ष त्यांवर लेखन-वाचन करते. तबकडीवरील वर्तुळाकार मार्गांचे लहान खंड पाडलेले असतात. दीर्घकाळ एका खंडात ५१२ बाइट एवढी माहिती मावत असे, सु. २०१० नंतरच्या बहुतेक डिस्कमध्ये हे माप ४,०९६ बाइट झाले. फाइल मोठी असल्यास ती अनेक खंडांत विभागली जाते व हे खंड सलग असतीलच असे नाही. म्हणून फाइलीचे नाव, आकारमान, तारीख आणि तिने व्यापलेले खंड यांची सूची डिस्कवरच स्वतंत्रपणे ठेवतात.

जुन्या दप्तरखान्याच्या दृष्टांताने ही व्यवस्था स्पष्ट होईल. दप्तरखान्यात कागद रुमालांत बांधून फडताळांत ठेवतात आणि कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे नोंदवहीत लिहितात. नोंदवहीतील ओळ खोडली, तरी रुमाल जागचा हलत नाही. मात्र ती जागा आता रिकामी समजली जाते आणि नवे कागद आले की जुना रुमाल काढून तेथे नवा ठेवला जातो. पहिल्या घटनेनंतर कागद शोधून काढता येतो. दुसऱ्या घटनेनंतर तो गेलेलाच असतो. पुनःप्राप्तीचे यश या दोन घटनांमधील काळावर अवलंबून असते.

पुसण्याची क्रिया : १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ या प्रणालीपासून पुसलेली फाइल प्रथम ‘रीसायकल बिन’मध्ये जाते. तेथे ती अखंड राहते व एका आज्ञेने मूळ जागी परत आणता येते. बिन रिकामी केल्यावर मात्र खरी नोंद रद्द होते. डॉस प्रणालीत आणि आजही पेन ड्राइव्ह व कॅमेऱ्यांतील कार्ड यांत आढळणाऱ्या ‘फॅट’ या सूचीपद्धतीत फाइल पुसताना तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ ही संख्या लिहिली जाते आणि तिच्या खंडांची साखळी मोकळी केली जाते. नावाची उरलेली अक्षरे, आकारमान व पहिल्या खंडाचा क्रमांक तसाच राहतो. याच कारणाने जुने पुनःप्राप्तीचे कार्यक्रम वापरणाऱ्याकडे नावाचे पहिले अक्षर मागत असत. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या ‘एनटीएफएस’ पद्धतीत प्रत्येक फाइलीची नोंद एका मुख्य सूचीत असते. फाइल पुसल्यावर ती नोंद ‘वापरात नाही’ एवढीच खूण होते व खंड मोकळे ठरतात. काही शेकडा बाइटांची अगदी लहान फाइल तर या नोंदीच्या पोटातच साठविलेली असते.

डिस्क नव्याने आखण्याच्या, म्हणजे फॉरमॅट करण्याच्या दोन रीती आहेत. शीघ्र रीतीत केवळ नवी कोरी सूची तयार होते. जुना मजकूर बराचसा तसाच राहतो. पूर्ण रीतीत विंडोज व्हिस्टापासून सर्व खंडांवर शून्ये लिहिली जातात व नंतर पुनःप्राप्ती शक्य होत नाही.

फाइली गमावण्याची कारणे : चुकीची आज्ञा, विजेचा अडथळा, व्हायरस आणि यांत्रिक बिघाड ही मुख्य कारणे होत. विजेचा अडथळा हे ग्रामीण महाराष्ट्रातील विशेष परिचित कारण आहे. २००० नंतरच्या दशकात राज्यात दीर्घकाळ भारनियमन चालू होते. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा (ता. खामगाव) यासारख्या गावात अर्ज भरण्याच्या, टंकलेखनाच्या वा छायाचित्रणाच्या दुकानात संगणक वापरणाऱ्यास लेखन चालू असता वीज जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. लेखन अर्धवट थांबल्यास मजकुराचे खंड डिस्कवर उतरलेले असतात, पण सूचीत त्यांची नोंद झालेली नसते. फॅट पद्धतीत असे बेवारस खंड तपासणीच्या कार्यक्रमाने गोळा केले जाऊन अनुक्रमांक दिलेल्या वेगळ्या फाइलींत ठेवले जातात. अशा फाइली निरुपयोगी समजून पुसू नयेत; हरवलेला मजकूर पुष्कळदा त्यांतच असतो.

व्हायरसांनी सूचीवर केलेल्या आघातांचा इतिहासही बोधप्रद आहे. १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ हा व्हायरस डिस्कच्या आरंभीच्या खंडात ठाण मांडीत असे. ५ जानेवारी रोजी तो संगणक अडवून धरी आणि जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित केल्यावरच मोकळा करी. १९९१ मध्ये आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ याहून घातक होता. ६ मार्च रोजी तो डिस्कच्या प्रारंभीच्या भागावर निरर्थक चिन्हे लिही. बहुतांश मजकूर डिस्कवर शाबूत असला, तरी सूची गेल्यामुळे सामान्य मनुष्यास तो अप्राप्य होई. याच काळात पुण्यात संगणकदुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलाश काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी व्हायरसरोधक कार्यक्रम तयार केला. पुढे तो ‘क्विक हील’ या नावाने देशभर परिचित झाला. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या कार्यक्रमाने एनटीएफएसची मुख्य सूचीच सांकेतिक लिपीत बदलून टाकली व ती उलगडण्याची किल्ली मिळण्याचा मार्गही ठेवला नाही. या हल्ल्यात मुंबईनजीकच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात ५० तबकड्या होत्या व त्यांवर सु. ५० लक्ष अक्षरे मावत. त्या काळी यंत्रे संस्थांच्या ताब्यात असत व त्यांच्या प्रती राखण्याचे काम प्रशिक्षित कर्मचारी करीत. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आल्यावर ही जबाबदारी एकट्या वापरणाऱ्यावर पडली. पुढच्याच वर्षी पीटर नॉर्टन या अमेरिकन तज्ञाने पुसलेल्या फाइली परत आणणारा कार्यक्रम विक्रीस आणला. १९९१ मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीत अशी सोय अंतर्भूत झाली. क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच तज्ञाचे ‘टेस्टडिस्क’ व ‘फोटोरेक’ हे विनामूल्य कार्यक्रम आज सर्वत्र वापरले जातात.

पुनःप्राप्तीच्या पद्धती : (१) सूचीवरून पुनःप्राप्ती. रद्द झालेल्या नोंदी वाचून त्यांतील खंडांचे क्रमांक मिळवितात व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. या पद्धतीत फाइलीचे नाव व तारीखही बहुधा परत मिळते.

(२) लक्षणांवरून पुनःप्राप्ती. सूची पूर्णपणे नष्ट झाली असल्यास डिस्क आरंभापासून अंतापर्यंत वाचून फाइलींच्या ठरावीक आरंभखुणा शोधतात. उदा., जेपीईजी प्रकारचे छायाचित्र २५५, २१६, २५५ या बाइटांनी सुरू होते व २५५, २१७ यांनी संपते. या पद्धतीत नावे मिळत नाहीत आणि फाइलीचे खंड विखुरलेले असल्यास चित्र अर्धवट निघते.

(३) यांत्रिक पुनःप्राप्ती. शीर्ष किंवा विद्युत् मंडल निकामी झाले असल्यास डिस्क धूलिविरहित कक्षात उघडून सुटे भाग बदलतात. हे काम प्रयोगशाळेतच करावयाचे असते. घरी उघडलेल्या डिस्कवर बसलेला धुळीचा कण शीर्षाखाली येऊन तबकडी खरवडू शकतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळलेल्या ‘कोलंबिया’ या अवकाशयानाच्या अवशेषांत सापडलेल्या जळक्या डिस्कमधून सु. ९९ टक्के माहिती परत मिळाली व झेनॉन वायूवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. डिस्क जळाली होती, पण तिच्यावर नवे काही लिहिले गेले नव्हते, हे यातील मर्म होय.

मराठी मजकुराचा विशेष प्रश्न : युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा निरनिराळ्या कंपन्यांच्या खास टंकांत लिहिला जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले असत. अशी फाइल सुखरूप परत मिळाली, तरी मूळ टंक नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरेच दिसतात आणि फाइल बिघडली असा गैरसमज होतो. अशा वेळी टंक मिळवावा किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रकारात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते. पहिला बाइट २२४ व दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ही नियमितता तज्ञास उपयोगी पडते, कारण सूची नसलेल्या डिस्कवरही साध्या मराठी मजकुराचे तुकडे या खुणेवरून ओळखता येतात.

मर्यादा : एखाद्या खंडावर नवे लेखन झाले, की त्यातील जुना मजकूर व्यवहारतः कायमचा जातो. अलीकडच्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी हे अर्धसंवाहक साधन असते. विंडोज ७ (२००९) पासून फाइल पुसताच प्रणाली तिचे खंड मोकळे झाल्याची सूचना या साधनास देते व ते स्वतःहून ते खंड रिते करते. दप्तरखान्याच्या भाषेत, नोंद खोडताच शिपाई रुमाल जाळून टाकतो. त्यामुळे एसएसडीवरून पुसलेली फाइल अनेकदा काही क्षणांतच अप्राप्य होते. सांकेतिक रूपात साठविलेल्या डिस्कची किल्ली हरवल्यासही उपाय उरत नाही.

घ्यावयाची दक्षता : फाइल हरवल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवरील सर्व लेखन थांबवावे. पुनःप्राप्तीचा कार्यक्रम त्याच डिस्कवर उतरवून घेणे ही सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण तो कार्यक्रम हरवलेल्या फाइलीच्याच जागी बसू शकतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी, प्रथम तिची खंडशः तंतोतंत प्रत घ्यावी व शोधकार्य त्या प्रतीवर करावे. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असल्यास वीज बंद करून ती पुन्हा चालू करण्याचा मोह टाळावा. न्यायालयीन पुराव्यासाठी मूळ साधन व त्याची प्रत यांची एकरूपता दाखविणे आवश्यक असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलीचा ‘हॅश’ हा अंकीय ठसा नमूद करावा लागतो.

या तत्त्वाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे मालकास परत मिळते, ते परक्यासही मिळू शकते. अमेरिकेतील सिमसन गारफिंकेल व अभी शेलात यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या आढळल्या. म्हणून संगणक विकताना वा भंगारात देताना डिस्कवर पूर्ण लेखन करून ती निर्लेप करावी.

पुनःप्राप्ती हा अखेरचा उपाय होय. खरे संरक्षण अगोदर घेतलेल्या प्रतीतच असते. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर व त्यांतील एक अन्य ठिकाणी ठेवावी, हा नियम सर्वमान्य आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयास लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. ज्या कागदांची प्रत अन्यत्र होती, तेच पुन्हा उभे करता येणार होते. कागद असो वा डिस्क, जी नोंद एकाच जागी आहे ती सुरक्षित नाही.