माळ्यावरचा पाऊस : थंड देशातील नव्या घराचे छत हवाबंद कसे करतात

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झाली आहेत व कर्ज काढून तेथे नवी घरे बांधून घेत आहेत. अशा घराच्या ज्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, त्या माळ्याविषयी येथे लिहीत आहे. मी 30 वर्षे बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी केली. तरीही हा विषय मला निवृत्तीनंतर, कॅनडातील कॅलगरी शहरी, लेकीच्या नव्या घरात शिकावा लागला.

घराचा तो पहिलाच हिवाळा होता. दोन-तीन आठवडे पारा उणे 20 अंशांच्या आसपास होता. मग एके दिवशी चिनूक वारा सुटला. रॉकी पर्वत उतरून येणारा हा कोरडा, उबदार वारा काही तासांतच थंडी मोडून काढतो. त्या रात्री नातीच्या खोलीत छतातून पाणी ठिबकू लागले. बाहेर पावसाचा थेंब नव्हता. बिल्डरच्या माणसाने छप्पर गळते असे सांगितले, छपरावर चढून पाहिले, पण एकही फट सापडली नाही. जावईबापूंचा चेहरा उतरला. आयुष्याची बचत ओतून घेतलेले घर, आणि सहा महिन्यांत ही अवस्था!

हे पाणी बाहेरचे नव्हतेच, घरातलेच होते. तिकडे त्याला ‘अ‍ॅटिक रेन’ म्हणजे माळ्यावरचा पाऊस म्हणतात.

तेथील घराची रचना आधी समजून घ्यावी. वर उतरते छप्पर, खाली खोल्यांचे सपाट छत, आणि दोहोंमध्ये मोकळी जागा, तोच माळा. माणूस तेथे राहत नाही. छताच्या वरच्या अंगाला ग्लासवुल किंवा कागदाच्या लगद्याचा जाड थर पसरलेला असतो. त्यामुळे खोल्या उबदार राहतात आणि माळा बाहेरच्याइतकाच थंड.

उबदार हवा हलकी असल्याने वर जाते आणि छतात जेथे फट असेल तेथून माळ्यात शिरते. 20 अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम बाष्प धरू शकते. उणे 20 अंशांना जेमतेम 1 ग्रॅम. मग उरलेले बाष्प जाणार कोठे? ते छपराच्या प्लायवुडला आतून हिमकणांच्या रूपाने चिकटते. थंडी टिकून असेपर्यंत थर वाढत जातो. चिनूक आला की सारे एकदम वितळते. स्वयंपाक, अंघोळी, घरात वाळत घातलेले कपडे, नुसता श्वास, या सर्वांतून बाष्प निघते. त्यात आपल्या घरी रोज वरण शिजते आणि कुकरच्या शिट्ट्या होतात, हेही ध्यानात घ्यावे.

ग्लासवुल इतके जाड घातले आहे तर हवा जाईलच कशी, असे मी विचारले. अनेकांची हीच चूक होते. ग्लासवुल उष्णता अडवते, हवा अडवत नाही. स्वेटर घालून वाऱ्यात उभे राहावे, तसे ते आहे. माझी दुसरी सूचना, वळचणीखालच्या व आढ्याजवळच्या जाळ्या बंद कराव्यात ही, तर त्याहून चुकीची. त्या जाळ्या माळ्यातील ओल बाहेर नेण्यासाठीच असतात. हवाबंद करायचे ते छत, छप्पर नव्हे.

कॅनडात यासाठी छताच्या खालच्या, म्हणजे उबदार बाजूने 0.15 मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा कागद लावतात. त्याचे सांधे लाकडावर एकमेकांवर चढवून, कधीही न सुकणाऱ्या काळ्या सीलंटने चिकटवतात, आणि मग जिप्सम बोर्ड ठोकतात. सपाट जागी हे काम सोपे आहे. घोटाळा होतो तो भोकांपाशी. आतल्या भिंतींचा माथा जेथे छताला मिळतो ती रेघ, वायरसाठी पाडलेली छिद्रे, छतातील दिव्यांच्या पेट्या, संडास-बाथरूमची वर जाणारी पाईप, आणि माळ्यावर चढण्याचे झाकण. झाकणाला तर दरवाजासारखीच रबराची पट्टी व घट्ट बसणारी कडी हवी. भट्टीच्या धुराड्याभोवती मात्र फोम कदापि मारू नये, आग लागेल. तेथे पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंटच वापरावे.

बाथरूमच्या पंख्याची नळी छपराबाहेर काढलेली आहे ना, हेही पाहावे. आमच्या घरी ती माळ्यातच सुटून पडली होती. रोजच्या अंघोळीची वाफ तीन महिने थेट प्लायवुडवर जात होती.

ही सर्व कामे जिप्सम बोर्ड ठोकण्यापूर्वी, निदान ग्लासवुल पसरण्यापूर्वी, फार थोड्या खर्चात होतात. नंतर माणसाला गुडघाभर ग्लासवुलमध्ये रांगत प्रत्येक फट शोधावी लागते. म्हणून चाचणी मध्येच करून घ्यावी. दारात मोठा पंखा बसवून घरातील व बाहेरील दाबात 50 पास्कलचा फरक ठेवतात आणि तासाभरात घरातील हवा किती वेळा बदलते ते मोजतात. कॅनडात 1982 साली सुरू झालेल्या ‘आर-2000’ मानकाची मर्यादा 1.5 वेळा आहे. पंखा चालू असताना फटीपाशी उदबत्ती धरली तर धूर लगेच वळतो. आम्ही तसेच केले.

घर इतके घट्ट झाल्यावर ताज्या हवेचे काय? त्यासाठी जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देणारे यंत्र बसवतात. रेजायना शहरात 1977 साली बांधलेल्या प्रायोगिक घरात असे यंत्र होते. लेकीच्या घरीही ते होते. फक्त आवाज होतो म्हणून तिने ते बंद ठेवले होते! दमटपणा छतावर चढण्याचे तेही एक कारण.

त्या उन्हाळ्यात दोन कामगारांनी माळ्यात दीड दिवस घालवून फटी बुजवल्या आणि पंख्याची नळी छपराबाहेर काढली. पुढच्या जानेवारीत चिनूक आला त्या रात्री जावईबापू टॉर्च घेऊन झाकणातून वर डोकावले. प्लायवुड कोरडे होते. नातीच्या खोलीतील पिवळा डाग मात्र अजून तसाच आहे. रंग लावायचे राहूनच गेले.