चार इंचांची चौकट

जुन्या सागवानी खिडकीच्या जागी यूपीव्हीसीची नवी खिडकी बसली की नजर आधी काचेकडे जात नाही, पांढऱ्या जाड चौकटीकडे जाते. बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या जुन्या घरांत आणि निपाणीच्या पेठेत खिडक्या बदलण्याची कारणे खरी आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगते, झडप अडकते, सुताराकडून रंधा मारून घ्यावा लागतो. चौकटीला खालून वाळवी लागते. निपाणीला भरीस भर म्हणून पुणे-बंगळूर महामार्गाची धूळ आणि रात्रभर ट्रकांचा आवाज. नवी खिडकी हे बरेचसे थांबवते, पण खोलीतला उजेडही कमी करते.

जाडीचे मूळ मालात आहे. यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिक. अॅल्युमिनियम त्याच्यापेक्षा वीस पटींहून अधिक ताठ असते. काचेचे वजन आणि वारा पेलायला प्लास्टिकची पट्टी रुंद, आतून पोकळ कप्प्यांची करावी लागते आणि पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सरकवावी लागते. बाहेरची चौकट आणि सरकत्या झडपेची कड मिळून प्रत्येक बाजूला साधारण चार इंच जातात.

तरीही सगळा दोष मालाचा नव्हे, बसवण्याच्या पद्धतीचा अधिक आहे. जुनी चौकट काढायची तर गिलावा फुटतो, गवंडी लागतो, रंगकाम वाढते. म्हणून झडपा आणि गज तेवढे काढतात, सागवानी चौकट भिंतीत तशीच ठेवतात आणि तिच्या पोटात नवी चौकट बसवतात. कारागीर टेप लावतो, पाचर ठोकून ओळंबा साधतो, स्क्रू पिळतो, फटीत फोम भरतो, कडेने सिलिकॉन ओढतो. काम सफाईदार होते, पण चौकटीच्या आत चौकट उरते.

हिशेब मांडला तर हळहळ वाटते. सागवानी चौकटीच्या आत 42 इंच रुंद आणि 42 इंच उंच मोकळी जागा आहे असे धरू. चारही बाजूंनी चार-चार इंच गेले की 34 उरतात. रुंदीत मधली जोडपट्टी आणखी अडीच इंच खाते. काच उरते साडेएकतीस बाय चौतीस, म्हणजे मूळ जागेच्या सुमारे 61 टक्के. शिवाय जुन्या झडपा पूर्ण उघडत. सरकती खिडकी फार तर अर्धी उघडते. ज्या खिडकीशी बसून सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडले जात, तिथे ढगाळ दिवशी भर दुपारी ट्यूब लावावी लागते. खडा आणि कणी वेगळी दिसायला उजेडच लागतो.

नियमांचाही आधार मिळत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात खिडक्या किती असाव्यात ते दिले आहे, उष्ण-दमट हवेत एक षष्ठांश. पण ते माप चौकट धरून मोजतात. कागदावर खिडकी पूर्ण भरते.

उपाय आहेत, आणि ते मागणी देण्याआधीचे आहेत. खर्च झेपत असेल तर जुनी चौकट काढूनच नवी बसवावी. अॅल्युमिनियमचा बारीक सेक्शन घेतला तर कड अरुंद होते. तो उष्णता अधिक वाहतो, पण बेळगावच्या हवेत ते सोसण्यासारखे आहे. सागवान शाबूत असेल तर नुसत्या झडपा नव्या करून घेणे सर्वांत चांगले.

कोटेशनवर बाहेरच्या मापाशेजारी काचेचे माप लिहून घ्यावे. दर चौरस फुटाचा असतो आणि तो बाहेरच्या मापावर लागतो: वरच्या खिडकीत पैसे सव्वाबारा चौरस फुटांचे, काच साडेसात चौरस फुटांहूनही कमी.