मुंबईच्या आश्रयाला आलेले कलावंत

मुंबईत काय नि अक्कलकोटात काय, एके काळी घरोघरी दिवस सुरू व्हायचा तो आकाशवाणीच्या धुनीने. आधी तंबोऱ्याची साथ, मग त्यावर शिवरंजनीच्या वळणाचे व्हायोलिनचे सूर. ही धून बांधल्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर काउफमान ना भारतीय होते, ना इंग्रज. बोहेमियातल्या कार्ल्सबाडमध्ये १९०७ साली जन्मलेले ते एक ज्यू संगीतकार.

प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला होता. पण आपले मार्गदर्शक नाझी आहेत हे कळताच त्यांनी पदवीच नाकारली आणि १९३४ मध्ये मुंबई गाठली. हिंदुस्थानी गाण्याच्या तबकड्या त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच उमगले नाही. तरी गाणे बेकार आहे असा निकाल न देता, आपला कान तयार नाही, असे त्यांनी मानले. चार माणसे जमवून चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तिच्यात मेहली मेहता, म्हणजे पुढे जगभर गाजलेल्या झुबिन यांचे वडील, व्हायोलिन वाजवत. १९३७ ते १९४६ या काळात काउफमान मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रागांवरचे त्यांचे ग्रंथ मात्र पुढे अमेरिकेत प्राध्यापकी करताना प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्राला ज्यू माणूस नवा नव्हता. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले आहेत. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३३ पासून जे येऊ लागले, ते वेगळे: जर्मन बोलणारे, शहरी, शिकलेले. त्यांना आधार द्यायला मुंबईत १९३४ साली ज्यू रिलीफ असोसिएशन उभी राहिली. पण १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी जर्मन पासपोर्टवाला तेवढा शत्रू ठरला. नाझी आणि नाझींपासून पळालेले, दोघेही अहमदनगरच्या छावणीत एकत्र डांबले गेले. चौकशी होऊन निर्वासितांची सुटका व्हायला वेळ लागला.

नुसत्या कलेवर पोट भरणे तेव्हाही अवघडच. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लांगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाले. ते स्वतः ज्यू नव्हते; त्यांच्या पत्नी केटे ज्यू होत्या. रुडॉल्फ फॉन लायडन भूगर्भशास्त्रातले डॉक्टर. घराण्यातल्या ज्यू वंशामुळे जर्मनी सोडून ते मुंबईत आले आणि जाहिराती, व्यंगचित्रे, कलासमीक्षा अशा सगळ्या वाटा त्यांनी चोखाळल्या. तिसरे इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी औषधांचा कारखाना काढला आणि मिळकतीतून चित्रे विकत घेतली.

सोलापूरकरांचा धागा इथे जुळतो. अक्कलकोटच्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तेव्हा सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत. त्यांच्यासारखेच होतकरू चित्रकार रझा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करत, तर आरा घरगडी म्हणून राबलेले. नेपियन सी रोडवर लांगहॅमर यांच्या घरी भरणाऱ्या बैठकींत या तरुणांना युरोपातल्या चित्रांची ओळख झाली, वाद घालायला माणसे मिळाली. लायडन वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी लिहीत, श्लेसिंगर त्यांची चित्रे विकत घेत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला या तिघांचे असे पाठबळ होते. ‘युरोपियनांनी आपले चित्रकार घडवले’ असे मात्र म्हणू नये. जिद्द या पोरांची स्वतःची होती. कमतरता होती ती कदर करणाऱ्या माणसांची आणि गिऱ्हाइकाची.

व्हिएन्नातल्या नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ मध्ये आल्या, एका पारशी डॉक्टरांशी लग्न करून मुंबईत स्थिरावल्या, १९४१ मध्ये नृत्यशाळा काढली. इथल्या हस्तमुद्रा त्यांच्या नाचात शिरल्या. मागे राहिलेले त्यांचे आप्त नाझींनी मारले. १९४८ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि पुढे मतिमंद मुलांना नृत्य शिकवण्यात त्यांनी मोठे काम केले.

होल्गर यांच्या मुंबईतल्या नृत्यशाळेची रेखाचित्रे काढणाऱ्या मॅग्दा नाखमन यांची कहाणी सर्वांत विसरली गेलेली. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८८९ साली जन्म, वडील ज्यू. मॉस्कोत त्यांनी भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न केले. क्रांतीनंतरचा रशिया सोडून बर्लिन, आणि नाझी आल्यावर बर्लिन सोडून मुंबई: एका आयुष्यात दोनदा परागंदा. मुंबईत व्यक्तिचित्रे काढून त्यांनी संसार चालवला. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी, स्वतःच्या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला काही तास उरले असताना त्या वारल्या.

त्यांची बरीच चित्रे आज कुठे आहेत, याचा पत्ता नाही. ती विकली गेली होती मुंबईतल्याच घरांत. तेव्हा आजोबांच्या काळातले एखादे व्यक्तिचित्र माळ्यावर धूळ खात असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी त्यावरची सही एकदा वाचून पाहा.