ड्रोन घ्यावा की नवी लेन्स? पैसे खर्च करण्याआधी हे समजून घ्या

कॅमेरा घेऊन दोन-तीन वर्षं झाली, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स भरपूर वापरून झाली आणि थोडे पैसेही साठले. आता पुढे काय घ्यायचं? सोशल मीडियावर सह्याद्रीच्या कड्यांवरून तरंगत जाणारे व्हीडिओ दिसले की ड्रोन घ्यावासा वाटतो. हळदीच्या कार्यक्रमातले फोटो हलल्यासारखे आले की वाटतं, त्यापेक्षा चांगली लेन्स घ्यावी.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर निवड कशी करायची? फक्त किमतींची तुलना करून याचं उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही वस्तूंची कामं वेगळी आहेत. शिवाय भारतात ड्रोन घेताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. तो घेतल्यावर तुम्हाला हव्या त्या ठिकाणी कायदेशीरपणे उडवता येईल का?

दोन्हींमध्ये नेमका फरक काय?

एका जागी उभं राहून लेन्स बदलली की चौकटीत किती मावतं ते बदलतं. वाइड लेन्सने अख्खा वाडा मावतो, टेलिफोटोने त्याच वाड्याची एक खिडकी चौकट भरून दिसते. पण अंगणातलं झाड आणि मागची भिंत यांची एकमेकांच्या तुलनेतली मांडणी तीच राहते. ती बदलायची तर कॅमेऱ्याची जागा बदलावी लागते.

ड्रोन नेमकं हेच काम करतो. भातखाचरांची नक्षी, खाडीचं वळण किंवा वारीतल्या रिंगणाचा गोल आकार जमिनीवरून दिसतच नाही, मग लेन्स कितीही महाग असो. अशा फोटोंसाठी एकेकाळी हेलिकॉप्टर लागायचं. २०१० साली आलेल्या 'महाराष्ट्र देशा' या उद्धव ठाकरे यांच्या पुस्तकातली किल्ल्यांची हवाई छायाचित्रं तशीच काढलेली आहेत. आज ते काम पाव किलोचं यंत्र करतं, हे ड्रोनचं खरं आकर्षण आहे.

लेन्सची ताकद दुसरीकडे आहे. ती प्रकाश किती घेते, मागचं दृश्य किती धूसर करते आणि लांबचं किती जवळ आणते, यावर रोजच्या फोटोंचा दर्जा ठरतो.

लेन्स बदलल्याने खरंच एवढा फरक पडतो?

एक साधा हिशोब पाहा. १८-५५ मिमीच्या नेहमीच्या लेन्सचं ॲपर्चर ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ/५.६ इतकंच उघडतं. ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स त्याच्या साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते.

याचा अर्थ असा की, मांडवातल्या कमी उजेडात जुन्या लेन्सला शटरसाठी १/१० सेकंद लागत असेल, तर नव्या लेन्सला सुमारे १/१०० सेकंद पुरेल. १/१० सेकंदात हळद लावणारा हात हललेला येतो, १/१०० सेकंदात तो बऱ्यापैकी स्पष्ट येतो. कॅमेरा तोच राहतो आणि फोटो वाचतो.

विशेष म्हणजे ५० मिमी एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिमीसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांच्या फोटोंसाठी अगदी योग्य. मात्र छोट्या खोलीत तिच्यासाठी मागे सरकायला जागा उरत नाही. घरगुती समारंभ जास्त असतील तर ३५ मिमीचा विचार करावा.

ड्रोनच्या कॅमेऱ्याचा दर्जा कसा असतो?

उजेड चांगला असेल तर उत्तम. पण सेन्सरचा आकार लक्षात घ्यायला हवा. २४९ ग्रॅमच्या चांगल्या ड्रोनमध्ये साधारण १/१.३ इंची सेन्सर असतो. त्याचं क्षेत्रफळ एपीएस-सी कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या सुमारे पाचव्या भागाइतकं भरतं. सूर्य मावळल्यावर हा फरक ठळकपणे जाणवतो.

अशा अनेक छोट्या ड्रोनचं ॲपर्चर कायम एकच असतं. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हीडिओ नैसर्गिक दिसण्यासाठी शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवतात. भर दुपारी त्याने व्हीडिओ पांढराफटक होतो, म्हणून एनडी फिल्टर घ्यावे लागतात. म्हणजे खर्च ड्रोनच्या किमतीवर थांबत नाही.

नियम काय सांगतात?

२५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यानुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन 'नॅनो', तर त्यापुढे २ किलोपर्यंतचे 'मायक्रो' गटात मोडतात. नॅनो ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेखातर उडवायचा असेल तरीही ते लागत नाही. पण लग्नाची ऑर्डर घेऊन मायक्रो ड्रोन उडवला तर तो व्यवसाय ठरतो आणि प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५ असावं, दहावी उत्तीर्ण असावं आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं.

इथे एक गफलत होते. 'नॅनो आहे, म्हणजे कुठेही उडवता येतो' असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागलेलं आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या क्षेत्रासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. वजन कितीही असो, हे क्षेत्रांचे नियम लागू होतात. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुंबईचा बराचसा भाग विमानतळाच्या जवळ आहे. शिवाय मुंबई पोलीस ठरावीक मुदतीचे आदेश काढून ड्रोन उडवण्यावर वेळोवेळी बंदी घालतात. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, तर नाशिकजवळ देवळालीला लष्करी छावणी आहे. म्हणून आपण राहतो आणि फिरतो ती ठिकाणं कोणत्या क्षेत्रात येतात, हे आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहून घ्यावं.

मग किल्ल्यांवर तरी उडवता येईल?

ड्रोन घेण्यामागे अनेकांचं हेच स्वप्न असतं. पण रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे आधी परवानगी घ्यावी लागते. राजगड, प्रतापगड आणि साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या अखत्यारीत येतात, तिथेही आधी विचारणा करणं आवश्यक आहे. अभयारण्यं आणि व्याघ्र प्रकल्पांमध्ये वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेण्याचा विचारही करू नये.

परदेशी ड्रोन घ्यायचा असेल तर?

९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी अपवाद आहेत. सुटे भाग आणता येतात. हौशी छायाचित्रकाराला मात्र यातून वाट नाही. परदेशातून येताना सामानात आणलेला ड्रोन विमानतळावर जप्त होऊ शकतो.

तरीही बाजारात असे ड्रोन मिळतात. दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: पक्कं बिल मिळेल का, वॉरंटी भारतात चालेल का आणि ड्रोनची नोंदणी होऊन यूआयएन क्रमांक मिळेल का? तिन्हींचं उत्तर 'बघू' असं आलं, तर तो सौदा स्वस्त नाही. ड्रोन झाडात अडकून मोटर गेली, तर दुरुस्तीसाठी कुठे जायचं हा प्रश्न उरतोच.

पाच वर्षांनी हातात काय उरतं?

लेन्स बुरशी आणि धक्क्यांपासून जपली तर दशकभर सहज चालते. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्स आज ॲडॅप्टर लावून नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवरही वापरता येतात. विकायची वेळ आली तरी बऱ्यापैकी पैसे परत मिळतात.

ड्रोनची बॅटरी मात्र चार्जिंगच्या फेऱ्यांसोबत कमजोर होत जाते. कंपनीने सांगितलेली ३०-३४ मिनिटं वारा नसतानाची असतात. घाटमाथ्यावर ती बरीच कमी भरतात, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या लागतात. पावसाळ्याचे चार महिने बहुतेक छोटे ड्रोन घरीच राहतात, कारण ते जलरोधक नसतात. संक्रांतीच्या दिवसांत मांजा आणि एरवी घारी, हे धोके वेगळेच.

निर्णय कसा घ्यायचा?

दोन याद्या करा. त्यासाठी एक संध्याकाळ पुरेल.

पहिली यादी फोटोंची. गेल्या वर्षातले आवडलेले आणि फसलेले फोटो उघडा. प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंग्थ, शटर आणि आयएसओची नोंद असते. बरेच फोटो ५५ मिमीवर काढून नंतर कापले असतील, तर टेलिफोटो हवी आहे. बहुतेक १८ मिमीवर असतील आणि तरी दृश्य मावत नसेल, तर वाइड लेन्स. आयएसओ ६४०० आणि तरीही फोटो हललेले असतील, तर एफ/१.८ची लेन्स.

दुसरी यादी जागांची. पुढच्या सहा महिन्यांत जिथे जायचं नक्की आहे अशी ठिकाणं लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा: तिथे ड्रोन कायदेशीरपणे उडेल का? वरून पाहण्यासारखं तिथे काही आहे का? दोन्ही उत्तरं 'हो' अशी किती ठिकाणी आली ते मोजा.

गावाकडे, हिरव्या क्षेत्रात राहणारा, शेती, नदी आणि समुद्रकिनारा यांचे व्हीडिओ नियमित करणारा माणूस असेल, तर दुसरी यादी भरेल. त्याच्यासाठी नोंदणीकृत ड्रोन ही योग्य खरेदी आहे. शहरात राहणाऱ्या, माणसांचे आणि समारंभांचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांची पहिली यादीच लांब निघेल. त्यांनी आधी लेन्स घ्यावी. वर्षातून दोनदा हवाई दृश्य लागलंच, तर प्रमाणपत्र असलेल्या ड्रोनचालकाला दिवसाचे पैसे देणं परवडतं.

दोन्ही याद्या सारख्याच भरल्या, तर आवडलेली लेन्स दोन दिवस भाड्याने आणून पाहावी. मोठ्या शहरांत ती सोय आहे. त्या दोन दिवसांत फसलेल्या फोटोंची संख्या कमी झाली, तर पैसे कुठे घालायचे ते कळलं.