पक्षाघातानंतरचा कळफलक

गडचिरोली तालुक्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक अनेक वर्षे माझ्याकडे रक्तदाबासाठी येत आहेत. झाडीबोलीतील शब्द संगणकावर नोंदवून ठेवणे हा त्यांचा छंद. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला. वाचा परतली, चालणे सुधारले. पण संगणकावर त्यांनी कापड टाकून ठेवले. सूनबाई लिहून द्यायला तयार होत्या, परंतु गुरुजींना ते रुचेना. बोलून टंकलेखन करून पाहिले, तर यंत्र त्यांच्या बोलीचे प्रमाण मराठी करून टाकी!

अडचण तशी लहानशीच होती. मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकात भ, ध, थ, घ ही अक्षरे आणि शब्दारंभीचे अ, आ शिफ्ट कळ दाबून धरल्यावरच उमटतात. ‘भात’ आणि ‘धान’ हे आपल्याकडचे रोजचे शब्द, आणि एका हाताला तेच अवघड. विंडोजमध्ये यासाठी ‘स्टिकी कीज’ ही सोय असते. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती सुरू करायची का, अशी विचारणा होते. नंतर शिफ्ट दाबून सोडावी आणि सावकाश पुढचे अक्षर दाबावे. हात थरथरत असेल, तर ‘फिल्टर कीज’ ओझरता स्पर्श मोजत नाही.

कळीचे कामच बदलायचे असल्यास मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉईज’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमधील ‘कीबोर्ड मॅनेजर’ वापरावा. गुरुजींच्या नातवाने डाव्या हाताजवळच्या कॅप्स लॉकला बॅकस्पेसचे काम दिले. उत्साहाच्या भरात त्याने त्याच दिवशी आणखी सहा कळा बदलल्या आणि आजोबा चिडून उठून गेले. एका वेळी एकच कळ बदलावी व बदल कागदावर लिहून ठेवावा. संगणक उघडतानाच्या पासवर्डला हे बदल लागू होत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

मात्र कंपाला कळफलक हे उत्तर नव्हे. त्यामागे थायरॉईड असू शकते, दम्याचे औषधही असू शकते. आधी तपासून घ्यावे. हात अचानक जड झाला, तोंड वाकडे झाले, तर तत्काळ 108 ला दूरध्वनी करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात आणि आपल्या जंगलवाटांवर त्यातला बराच वेळ प्रवासातच जातो. गुरुजींनी सकाळी जड झालेल्या हाताविषयी दुपारपर्यंत घरात कोणाला सांगितलेच नव्हते.

मागच्या भेटीत औषधांच्या पिशवीतून त्यांनी छापलेली पाने काढली. शब्दांची यादी ‘ध’पर्यंत आली आहे.